लीथ (एडिनबरा) : आईला घेऊन एक दिवस. काय बघावं, काय सोडावं?

पांझराकाठ, धुळे
जूनच्या शेवटी आईला घेऊन बहिणीकडे स्कॉटलंडला, एडिनबराला चाललोय. तिचं घर लीथमध्ये, 'फूट ऑफ द वॉक' ट्रामथांब्याजवळ. किल्ला वगैरे ती दाखवेलच. लीथसाठी एक शनिवार आहे. आईचे गुडघे दुखतात, सलग पंधरा-वीस मिनिटांवर चालवत नाही. देऊळ हवंच. लीथ म्हणजे फक्त राणीची बोट, की गावाचं स्वतःचं काही आहे?

बोरीकाठ, अमळनेर
भाऊ, आधी एक सांगतो. तिथल्या जुन्या माणसासमोर लीथला एडिनबराचं उपनगर म्हणू नका. १८३३ पासून १९२० पर्यंत लीथचा कारभार स्वतंत्र होता. विलीनीकरणावर कौल घेतला तर ५,३५७ बाजूने आणि २६,८१० विरोधात. तरी विलीन केलंच.

त्या काळी एडिनबराची ट्राम जमिनीखालच्या केबलने ओढली जायची, लीथची १९०५ पासून विजेवर. पिलरिगला हद्द आली की सगळ्यांनी उतरायचं आणि पुढच्या ट्राममध्ये बसायचं. पाचोऱ्याला मोठ्या गाडीतून उतरून जामनेरची छोटी गाडी धरायचे ना, तेच. आता विमानतळापासून न्यूहेवनपर्यंत एकच ट्राम आहे. लीथवरून जाणारा तुकडा ७ जून २०२३ ला सुरू झाला.

विलीनीकरणाच्या बदल्यात सभागृह आणि वाचनालय देऊ असं कबूल केलं होतं, ते उघडलं १९३२ मध्ये. फेरी रोडवरचं लीथ लायब्ररी आणि त्याला लागूनचं लीथ थिएटर ते हेच. १९४१ च्या बाँबहल्ल्यात थिएटरचं बरंच नुकसान झालं, पुढे १९८८ पासून ते बरीच वर्षं बंदच होतं. कार्यक्रम असला तरच आत जाता येईल असं धरून चाला. लायब्ररीत मात्र निवांत बसता येतं, आईला टेकायला बरं.

वाघूर
देवळाचं सांगतो. एडिनबरा हिंदू मंदिर लीथमध्येच, सेंट अँड्र्यू प्लेसला आहे. इमारत जुन्या चर्चची, पुढे ग्रीक पद्धतीचे खांब, त्यामुळे शिखर शोधत बसलात तर समोरून निघून जाल. फूट ऑफ द वॉकहून ड्यूक स्ट्रीटने चालत दहा-बारा मिनिटं. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा.

देवळाच्या शेजारीच लीथ लिंक्स हे मैदान. गोल्फचे सगळ्यात जुने लेखी नियम, एकूण १३, इथल्या स्पर्धेसाठी १७४४ मध्ये लिहिले गेले. आता तिथे गोल्फ कुणी खेळत नाही. बाक आहेत, बसा. मैदानातले दोन उंचवटे १५६० मध्ये लीथला पडलेल्या वेढ्यात तोफांसाठी रचलेले म्हणून दाखवतात. त्यावर चढण्यात अर्थ नाही.

दुपारी गुरुद्वारा. ग्रेट जंक्शन स्ट्रीटच्या बाजूला, मिल लेनजवळ. डोकं झाका, लंगर शाकाहारीच असतो, खाली बसवत नसेल तर खुर्ची मागायला संकोच नको. ही इमारतही चर्चचीच, ब्रिटनचा पंतप्रधान ग्लॅडस्टन, त्याने बांधलेली.

बोरीकाठ, अमळनेर
वाघूर, पंतप्रधानाने नाही, त्याच्या बापाने. सर जॉन ग्लॅडस्टन, जन्म लीथचाच, १७६४ चा. डेमरारात, म्हणजे आजच्या गयानात, त्याचे उसाचे मळे होते आणि ते गुलामांच्या जिवावर चालत. गुलामी उठल्यावर मजूर कुठून आणायचे म्हणून त्याने कलकत्त्याहून माणसं मागवली. १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजं तिथे पोचली. कॅरिबियन भागात हिंदुस्थानी गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, गेले ते पहिले. त्याच माणसाने १८४० च्या सुमारास हे सेंट थॉमस चर्च उभारलं आणि १९७६ मध्ये ते गुरुद्वारा झालं. लंगरच्या पंगतीत बसून हे आठवलं की घास जरा थांबतो.

सातपुडा
ट्रिनिटी हाउस कुणी सांगितलंच नाही! बहिणीच्या घरापासून पाच मिनिटं. समोरच्या कर्कगेट बाजारातून सरळ आत जा, साउथ लीथ चर्चच्या समोर. ही जहाजांच्या कप्तानांची आणि खलाशांची संस्था. बंदरात उतरणाऱ्या मालावर 'प्राइम गिल्ट' नावाची पट्टी घ्यायचे आणि त्यातून म्हाताऱ्या, आजारी खलाशांना आणि विधवांना मदत द्यायचे. आपल्याकडे कापसाच्या गाडीमागे धर्मादाय कापत, त्याच जातीतलं. आजची इमारत १८१६ ची. सरळ जाऊन आत सोडत नाहीत, आधी वेळ ठरवून मार्गदर्शकासोबतच जावं लागतं. हा फोन आजच करून टाका.

राणीच्या बोटीचं : ती 'ब्रिटानिया', ओशन टर्मिनल मॉलला उभी आहे. पाचही मजल्यांवर लिफ्ट आणि उतारांनी जाता येतं, गुडघ्यांची चिंता नाही. दोन तास धरा. आतली घड्याळं ३ वाजून १ मिनिटाला थांबवलेली दिसतील. ११ डिसेंबर १९९७ ला राणी एलिझाबेथ शेवटची उतरली ती वेळ.

'द शोर'चा किनारा सुंदर आहे, पण घडीव दगडांची फरसबंदी ओबडधोबड, त्यात पाऊस पडला की निसरडी. आईला कडेच्या सपाट फुटपाथनेच न्या. बंदराच्या गोदीत मात्र जाता येत नाही, ती चालू आहे.

पांझराकाठ, धुळे
मोठं काम झालं. मग असं ठरवतो : सकाळी देऊळ आणि मैदान, दुपारी गुरुद्वारा, मग ट्रामने बोट. ट्रिनिटी हाउस वेळ मिळाली तर. तिकिटाचं काय? आणि कपडे?

वाघूर
ट्रामचं तिकीट थांब्यावरच्या यंत्रातून, चढण्याआधी. आत चढून काढू म्हणाल तर दंड. बसमध्ये रोख दिली तर नेमकी सुटी द्या, उरलेले परत मिळत नाहीत. कार्ड टेकवलेलं बरं. साठीवरच्यांचा मोफत पास तिथे राहणाऱ्यांनाच, आईला चालणार नाही.

छत्री नको, वारा उलटी करतो. टोपीवालं वारारोधक जाकीट घ्या. तिकडे पूर्वेचा वारा सुटला की समुद्रावरून धुकं आत येतं, त्याला 'हार' म्हणतात. सकाळी ऊन बघून आईला नुसत्या साडीवर बाहेर काढाल आणि अर्ध्या तासात ती कुडकुडेल.

सातपुडा
आणि बहिणीकडे भरीत करणार असाल तर वांगं भाजताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून घरातले अलार्म एकमेकांना जोडलेले असावे लागतात. स्वयंपाकघरातला उष्णतेवर वाजतो, पण दिवाणखान्यातला धुरावर, आणि एक वाजला की सगळे वाजतात. आपलं भरताचं बामणोदचं वांगं मात्र विसरा, ते तिकडे मिळायचं नाही.