मदत हवी आहे: बडोद्याहून खोपोलीचं इमॅजिका, सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई

लीलोचिवडो

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत इमॅजिका थीम पार्कला जायचं घाटतंय. मी, नवरा, तेरा वर्षांची लेक, सहा वर्षांचे चिरंजीव आणि सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात, जीभ तल्लख) असे आम्ही बडोद्याहून येऊ. पुण्याहून माझा दादा, वहिनी आणि त्यांचा अकरावीतला मुलगा. दादाच्या म्हणण्यानुसार खोपोली म्हणजे दोघांच्या "मध्यावर". त्याला दोन तासांचा रस्ता, आम्हाला रात्रभराची गाडी, पण धाकट्या बहिणीचं ऐकतंय कोण.

या बाबतीतलं माझं ज्ञान नव्वदच्या दशकात थांबलंय. शाळेच्या सहलीबरोबर एस्सेलवर्ल्डला गेले होते, लाँचमधून. डबा घरचा, तिकीट बाईंनी काढलेलं, आपण फक्त रांगेत उभं राहायचं. त्यानंतर जत्रेतल्या पाळण्यापलीकडे काही नाही. आता साइट उघडली तर थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं, स्नो पार्क वेगळं, त्यात एक्स्प्रेस तिकीट आणि कॉम्बो. डोकं गरगरलं, पाळण्यात न बसताच.

एका दिवसात थीम आणि वॉटर दोन्ही होतं का? रांग टाळायच्या त्या एक्स्प्रेस तिकिटाला पैसे घालावेत का? सहा वर्षांच्या मुलाला कितपत बसू देतात? आणि माझा मुख्य प्रश्न सासूबाईंचा. "मी बाकावर बसेन, तुम्ही फिरा" असं त्या म्हणतात, पण दिवसभर बाकावर बसवायला त्यांना एवढ्या लांब न्यायचं का? घरी ठेवायचा विषय नाही, त्यांना यायचंय.

राहायचं कुठे, लोणावळ्याला की खोपोलीला, तेही सांगा. बजेट मध्यम. थेपले किती करायचे ते मी बघते.

---

घाटवळण

खोपोलीचाच आहे, म्हणून आधी शेवटचं: थेपले हॉटेलवर ठेवा. आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, गेटवर पिशव्या तपासतात. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं यांना हरकत नसते.

पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, सांगडेवाडीला. लोणावळ्याला राहिलात तर सकाळी घाट उतरून या आणि संध्याकाळी दमलेल्या पोरांना घेऊन चढा. दिवाळीत त्या घाटात काय होतं ते पुण्याच्या दादांना विचारा. शिवाय लोणावळ्यातले दर त्या आठवड्यात आकाशाला भिडलेले असतात. पार्कच्या शेजारी मोठं हॉटेल आहे, पण मध्यम बजेट म्हणालात म्हणून त्यात जात नाही. खोपोली गावात साधी, स्वच्छ हॉटेलं मिळतात. मी तरी खोपोलीच म्हणेन.

दोन्ही पार्क एका दिवसात? करणारे करतात. तुमच्या गोतावळ्याने करू नये. वॉटर पार्कला कपडे बदलणं, लॉकर, पोरांना पाण्यातून बाहेर ओढणं यातच अर्धा दिवस जातो. आणि पाण्यात नायलॉनचा पोशाखच लागतो. साडी किंवा पंजाबी ड्रेसवर उतरू देत नाहीत.

---

दोनपोरांचीआई

लीलोचिवडो, तुमच्या जागी मी असते तर पहिली गोष्ट एकच केली असती: सगळ्यांनी दिवसभर एकत्र फिरायचं हा हट्ट सोडला असता. आपल्याकडे सहल म्हटली की आठही माणसं एकामागून एक चालली पाहिजेत, एकाला तहान लागली की सगळे थांबणार, एकाला बाथरूमला जायचं की सगळे दाराशी उभे. लग्नाच्या वऱ्हाडासारखं. थीम पार्कमध्ये त्यानं कुणाचंच काही होत नाही. मोठ्यांची राइड चालू असताना लहानगा रडतो, लहानग्याच्या राइडला अकरावीतला मुलगा मोबाइल काढतो, आणि आजी तुमच्या पर्सा सांभाळत बसते.

तीन गट करा. अकरावीतला भाचा, लेक आणि एक धीट मोठं माणूस हा पहिला. लहानगा आणि त्याच्याबरोबर एक पालक हा दुसरा. सासूबाई आणि त्यांना कंटाळा येऊ न देणारं कुणीतरी हा तिसरा. मोठ्यांनी दर दोन तासांनी गट बदलायचे, म्हणजे नवऱ्याला फक्त पोरगं आणि वहिनींना फक्त पिशव्या असं होणार नाही. जेवायची जागा आणि वेळ आधी ठरवून टाका आणि तिथेच भेटा. गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून लेकीच्या हातात घड्याळ द्या.

उंचीचं: राइडच्या तोंडाशी खुणेचा बोर्ड असतो आणि तिथला माणूस तुमच्या विनवण्या ऐकत नाही, ऐकूही नयेत. निघायच्या आधी घरी भिंतीला टेकवून, चप्पल काढून लहानग्याची उंची मोजा. साइटवर प्रत्येक राइडची अट दिलेली असते. कुठल्या राइड त्याच्या नाहीत ते बडोद्यातच सांगून टाका. तिथे रांगेत अर्धा तास उभं राहून परत फिरवलं की जे भोकाड पसरतात, ते सलीमगड या तिथल्या भुताच्या वाड्यातल्या भुतांनाही जमत नाही. (सलीमगडला त्याला नेऊच नका. अंधार आहे, आवाज आहेत, रात्री झोपणार नाही.) त्याच्यासाठी घोड्यांचं कॅरोसेल, उडता हत्ती आणि बोटींच्या टकरा आहेत. अलीबाबाच्या राइडमध्ये गाडीत बसून बंदुकीने नेम धरायचा असतो, ती त्याला आवडेल. माझा नवराच तिथून हलेना.

---

भेंडीबाजार_ते_भोर

भाच्यासाठी लिहितो. नायट्रो हा मोठा रोलर कोस्टर सकाळी, दार उघडल्या उघडल्या. २०१३ साली पार्क सुरू झालं तेव्हापासून तोच तिथला राजा. उंची चाळीस मीटरच्या आसपास, वेग ताशी शंभरावर, आणि पायाखाली फळीच नाही, पाय लोंबत राहतात. चपला काढून ठेवाव्या लागतात, खिसे रिकामे. चष्मा असेल तर बसण्याआधी आईच्या ताब्यात द्यायचा. त्यानंतर डीप स्पेस, दुसरा रोलर कोस्टर. तो बंद इमारतीत, अंधारात आहे, म्हणजे वळण कुठे येणार ते दिसतच नाही. मला तो नायट्रोपेक्षा भारी वाटला.

जेवणानंतर तासभर यातलं काही करू नका. तेव्हा बसून बघायच्या, वातानुकूलित राइड करा. दिवाळीच्या दिवसांत दुपारचं ऊन अजून कडक असतं, खोपोलीला तर घामाच्या धारा.

एक्स्प्रेस तिकीट: आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर पैसे वाया. सुट्टीच्या गर्दीत फक्त पहिल्या गटापुरतं घ्या, सगळ्या आठ जणांना नको. आजीला नायट्रोचं एक्स्प्रेस तिकीट काढून दिलेलं कुटुंब मी पाहिलंय.

---

लीलोचिवडो

अरे वा, एका रात्रीत एवढं! वऱ्हाडाची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "मग माझा गट कुठला?" म्हणजे त्याला नायट्रोवर जायचंय आणि पर्स मी धरायची, असं त्याच्या मनात होतं हे कळलं.

तारीख अजून ठरलेली नाही. भाऊबीज दादाकडे करून दुसऱ्या दिवशी जावं असं वाटतंय.

---

सुरसागर

बडोदेकर भेटल्याचा आनंद. आम्ही रावपुऱ्यातले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुळीच जाऊ नका. भाऊबीज ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) अख्खा गुजरात रस्त्यावर असतो, दुकानं बंद, गाड्या भरलेल्या, निम्मं सुरत लोणावळ्यात. आपल्या गुजरातच्या शाळांना दिवाळीची २१ दिवसांची सुट्टी असते, तिचा हा फायदा घ्या. लाभपाचम उलटू द्या, व्यापारी आपापल्या गल्ल्यावर परत बसू देत, मग मधल्या वारी जा. तिकिटंही वार आणि सुट्टी बघून कमी-जास्त होतात. फक्त भाच्याचं कॉलेज तेव्हा सुरू झालं असेल का ते विचारा.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तिथे राजासॉरस नावाची पाण्यातली राइड आहे. बोटीतून जायचं, दोन्ही बाजूंना डायनोसॉर आणि शेवटी धबाकदिशी खाली. पोरांना वाटतं हे इंग्रजी सिनेमातलं काहीतरी. तो प्राणी आपला शेजारी आहे हो! बालासिनोरजवळच्या रैयोलीला १९८२ ते ८४ दरम्यान भूवैज्ञानिकांना त्याची हाडं सापडली, आणि २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं राजासॉरस नर्मदेन्सिस. डोक्यावर छोटं शिंग, मांसाहारी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. रैयोलीत डायनोसॉरच्या अंड्यांचे जीवाश्मही आहेत आणि २०१९ पासून तिथे संग्रहालय झालंय. बडोद्याहून शंभरेक किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी घरी.

मुलांना खोपोलीला नेण्याआधी एका रविवारी रैयोलीला न्या. बोटीत बसल्यावर तुमचा सहा वर्षांचा मुलगा पुण्याच्या दादाला ऐकवेल की हा आमच्याकडचा आहे. पुणेकरांना ऐकवायला दुसरं काही मिळत नाही आपल्याला.

---

साइडलोअर

गाडीचं कुणीच बोललं नाही म्हणून. मुंबईत उतरून दादर-पनवेल वगैरे करू नका, सासूबाईंचे जिने होतील. गुजरातेतून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या वसई रोडला पश्चिम रेल्वे सोडतात आणि भिवंडीवरून कल्याणला येतात, मुंबईत शिरतच नाहीत. अहमदाबाद-पुणे अहिंसा एक्स्प्रेस आहे, इंदूरहून बडोद्यावरून दौंडला जाणारी गाडी आहे. वार आणि थांबे तिकीट काढताना नीट बघा, सगळ्या रोज नाहीत. लोणावळ्याला थांबणारी मिळाली तर दादा गाडी घेऊन तिथे येऊ शकतो. नाहीतर कल्याणला उतरून खोपोली लोकल. कर्जत सोडलं की पळसदरी, केळवली, डोळवली, लवजी, खोपोली. ती लोकल दुपारी रिकामी असते आणि पावसाळा नुकताच संपलेला असेल तर खिडकीबाहेरचे डोंगर अजून हिरवे असतील. माझ्या मते निम्मा थीम पार्क तिथेच झाला.

सासूबाईंना लोअर बर्थ हवा असेल तर ज्येष्ठ नागरिकांच्या कोट्यातून त्यांचं तिकीट वेगळं काढून बघा. पाचांचं एकत्र काढलंत तर त्या कोट्याचा लाभ मिळत नाही.

---

आजव्याचंपाणी

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? घरापासून अर्ध्या तासावर आजव्याला आतापी पार्क आहे की. सकाळी जा, रात्री घरच्या पलंगावर.

अवांतर: त्या एस्सेलवर्ल्डबद्दल. १९८९ चं ते पार्क आता बंद झालं. शेजारचं १९९८ चं वॉटर किंगडम चालू आहे.

---

लीलोचिवडो

@आजव्याचंपाणी, आतापी आमचं पाठ झालंय. लेकीच्या मैत्रिणींचे वाढदिवस तिथेच होतात. आणि दादाला बडोद्याला बोलवायचं तर तो म्हणतो "तिथे बघायला काय आहे, कमाटी बागेतली माकडं?" त्याला रैयोलीचं कळवते.

@साइडलोअर, कोट्याचं माहीत नव्हतं, आधी तेच काम करते.

पण सासूबाईंचा प्रश्न अजून अर्धाच सुटला. त्यांच्या गटाने करायचं काय?

---

घाटवळण

अहो, तुम्ही पाली रस्त्यावरच आहात की! खोपोलीजवळ महड, वरदविनायक. पुढे पाली, बल्लाळेश्वर. अष्टविनायकांतले दोन एका दिवसात, आणि तेही न धावता. महडला भाविकांना गाभाऱ्यात जाऊन स्वतः पूजा करता येते, आणि १८९२ पासून तेवत असलेला नंदादीप आहे. पालीच्या देवळातली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावरची. तुमची गाडी वसईवरून येणार आहे, वाटेत सासूबाईंना ते सांगून ठेवा.

दोन दिवस करा. पहिला दिवस देवळांचा, सगळ्यांनी एकत्र, तिथे वऱ्हाड चालतं. दुसऱ्या दिवशी पार्क. पार्कात सासूबाईंसाठी 'आय फॉर इंडिया' आहे: खुर्चीत बसून पडद्यावर देशभर विमानातून फिरल्यासारखं, पाय मात्र अधांतरी. चक्कर किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर ते नको, प्रत्येक राइडबाहेर लिहिलेलं असतं. चाकाच्या खुर्चीची चौकशी गेटवर करा, लाजू देऊ नका त्यांना, आत चालणं बरंच आहे. आणि त्यांना दमल्यासारखं वाटलं तर दुपारी चारला सरळ हॉटेलवर पाठवा, कुणीतरी बरोबर जाईल. तिकीट वसूल करायला रात्रीपर्यंत थांबवू नका.

---

दोनपोरांचीआई

वरच्याला अनुमोदन. आणि पर्सा लॉकरमध्ये. सासूबाईंच्या मांडीवर नाही.

---

लीलोचिवडो

ठरलं तर मग. लाभपाचमीनंतरचा मंगळवार-बुधवार. भाच्याच्या कॉलेजचं दादा बघतोय, नाहीतर दोन दिवस बुडवेल म्हणे, त्याला कसलं दुःख. राहायला खोपोली. पहिला दिवस महड आणि पाली, दुसरा थीम पार्क, वॉटर पार्क रद्द (लेक नाराज, तिची समजूत राजासॉरसवर निघेल, तिथे भिजायला होतंच असं दिसतंय). एक्स्प्रेस घ्यायचं नाही. मुलाची उंची मोजली, भिंतीवर पेन्सिलची खूण केली, आता रोज सकाळी उठून "वाढलो का" बघतोय.

सासूबाईंना देवळांचं सांगितलं. त्यांनी लगेच कॅलेंडर काढलं आणि मंगळवारी जातोय तर अंगारकी आहे का ते बघितलं. नाहीये, सुटलो गर्दीतून. आता त्यांचा प्रश्न आहे: महडला गाभाऱ्यात पूजा करायची तर सोवळं लागतं का, आणि सकाळी किती वाजता पोचलं म्हणजे निवांत होईल? कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.

---

घाटवळण

सकाळी आठच्या आत पोचा. सोवळ्याचं उद्या महडला जातोच आहे, पुजाऱ्यांना विचारून इथेच लिहितो.