ताण मुलामुळे की आधार नसल्यामुळे?

मूल दिव्यांग असलं की आईवडील कायम ताणाखालीच राहणार, असं बरेचदा म्हटलं जातं. मला हे अर्धंच पटतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी १९४९ मध्ये कुटुंबावरच्या ताणाचं प्रारूप मांडलं, त्यात नुसत्या संकटावर सगळं अवलंबून नव्हतं. हाताशी आधार किती आणि घरचे त्या प्रसंगाकडे कसं बघतात, यावर पुढचं ठरतं. १९६२ मध्ये अमेरिकी अभ्यासक सायमन ओल्शान्स्की यांनी अशा पालकांच्या दीर्घकालीन दुःखाबद्दल लिहिलं, आणि त्याला आजार न मानता स्वाभाविक म्हटलं. हे मला फार मोलाचं वाटतं. बरोबरीची मुलं सायकल शिकतात त्या दिवशी आईचे डोळे भरून येतात, आणि त्याच रात्री ती लेकराबरोबर खळखळून हसतेही. दोन्ही खरंच असतं.

अशा कुटुंबांवरच्या अभ्यासांत उत्तरं बहुतेक वेळा आईचीच असतात, ही मात्र मोठी उणीव आहे. ‘किती थकता?’ एवढंच विचारून भागत नाही. रात्री उठून मुलाची कूस कोण बदलतं, हे बाबांना विचारा, भावंडांनाही विचारा. आणि जिथे आईवडील स्वतःच दिव्यांग आहेत, त्या घरांबद्दल तर अशा चर्चेत फारसं कुणी बोलतच नाही.