फ्रेशर नर्स: पहिली नोकरी कुठे धरू? (रात्रपाळी नको, बॉन्ड नको)

पहिली_ड्युटी
नमस्कार. नर्सिंगचा निकाल लागला, नोंदणी प्रमाणपत्रही हातात आलं. आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि रात्री तिच्याजवळ मीच असते, म्हणून रात्रपाळी नको. बॉन्डही नको. तीन ठिकाणी बोलणं झालंय.
मोठं रुग्णालय: आयसीयू, दोन वर्षांचा बॉन्ड.
छोटं रुग्णालय: जनरल वॉर्ड, उद्यापासूनच या म्हणतात.
डायलिसिस युनिट: दिवसाच्याच पाळ्या, आधी शिकवणार आणि मग पेशंट देणार.
पगार तिन्हीकडे उन्नीस-बीस. कुठे जाऊ? आणि मुलाखतीत काय विचारतात?

आयसीयू_सिस्टर
आयसीयू. दुसरा विचारही करू नकोस. व्हेंटिलेटर, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), इन्फ्युजन पंप हे सगळं सुरुवातीलाच हाताखालून गेलं की पुढे कुठेही घाबरायला होत नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज इन्चार्ज आहेत. नाईट सगळ्यांनाच सुरुवातीला जड जाते, मग सवय होते.

पहिली_ड्युटी
ताई, प्रश्न सवयीचा नाही. आईची कूस रात्री दर दोन तासांनी बदलावी लागते. कंबरेखाली लाल व्हायला लागलंय.

दाखले_जपा
बॉन्डपेक्षा मोठी गोष्ट सांगतो. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका. मी जिथे होतो तिथे रुजू होताना सगळे मूळ दाखले जमा करून घेतले आणि नोकरी सोडताना अडवून धरले. नवी नोकरी पक्की झाली होती, ती दाखल्यांपायी हातची गेली. मूळ दाखवायचे, पडताळून झाले की परत घ्यायचे, द्यायच्या त्या साक्षांकित प्रती. रुजू झाल्याची तारीख, पद आणि विभाग नेमणूकपत्रावर असलाच पाहिजे.

दूरदेशी_ब्रदर
एवढ्या लहान विचारात अडकू नकोस. परदेशाची तयारी आत्ताच सुरू कर. मी एनक्लेक्स, म्हणजे अमेरिकेची नर्सिंग परवान्याची परीक्षा, पहिल्याच प्रयत्नात पास झालो. आता कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात, पुढचा प्रश्न तुमच्या आधीच्या उत्तरांवरून ठरतो. ब्रिटनला जायचं तर ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजीची परीक्षा, दे. त्यात बहुतेक वेळा पेशंटच्या नोंदींवरून पत्र लिहायचं असतं, ते आपल्या कामाचंच आहे.

वॉर्ड_नंबर_सात
पोरीची आई आजारी आहे, परदेश कुठून काढलात मध्येच?
मुलाखतीचं सांगतो. गणित हमखास असतं. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं. उत्तर २१.

थेंब_मोजणी
२० ने का गुणलंत? आमच्याकडे १५ चा, म्हणजे एका मिलीला १५ थेंब पडणारा सेट होता. त्यावर उत्तर १६ येतं.

वॉर्ड_नंबर_सात
आम्ही कायम २० चाच वापरला. कुणी कधी हरकत घेतली नाही.

थेंब_मोजणी
हरकत घेतली नाही म्हणून सगळ्या सेटला २० लागू होत नाही. १० चा असतो, १५ चा असतो, मायक्रोचा ६० चा असतो. सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं. मुलाखतीत आधी विचारायचं, "सेट कितीचा?" हा प्रश्न विचारणारी मुलगी वॉर्डात चुकत नाही. पोटॅशियम क्लोराइडही विचारतात. ते थेट शिरेत ढकलायचं नाही, कायम पातळ करून, हळू.

पांढरे_बूट
सगळे विभागावर भांडताय. आधी हे बघा की शिकवणार कोण. "उद्यापासून या" म्हणणाऱ्या ठिकाणी मला फार भीती वाटते. माणूस कमी पडलंय म्हणून घाई असते आणि नवीन मुलीला थेट पूर्ण वॉर्ड मिळतो. तीन प्रश्न विचार. एका नर्सकडे किती पेशंट? स्वतंत्र पेशंट देण्याआधी किती दिवस जुन्या सिस्टरसोबत ठेवणार? औषधाची चूक झाली तर पुढे काय करता? तिसऱ्याचं उत्तर देताना आवाज चढला तर तिथे जाऊ नकोस. जमलं तर पाळी बदलायच्या वेळी जा आणि ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती, कसा देतात ते बघ. खाटेजवळ उभं राहून, फाइल आणि सलाईन दोन्ही बघून ओव्हर देणारा वॉर्ड चांगला. काउंटरवर उभ्या उभ्या "सगळे ठीक" म्हणणारा नाही.

आयसीयू_सिस्टर
हे सगळं आयसीयूत आपोआप होतं. म्हणून परत सांगते, आयसीयू.

फिस्टुला
मी डायलिसिसला बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून माझं ऐक. काम चांगलं आहे. तेच पेशंट साधारण आठवड्यातून तीनदा येतात, प्रत्येक वेळी चारेक तास. माणसं ओळखीची होतात. सुई टोचण्याआधी फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडलेली असते, त्या जागेवर) बोटं ठेवली की खाली थरथर लागते. ती लागली नाही तर सुई खाली ठेवायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्तही काढायचं नाही. मध्येच बीपी पडतं, जांभया यायला लागतात, घाम फुटतो, ते मशीनच्या अलार्मआधी तुला दिसलं पाहिजे. पण फ्रेशरने तिथून सुरुवात करू नये असंच माझं मत आहे. बाकीच्या कामाचा हात जातो. मी वॉर्डात परत गेले तेव्हा मला नवीन मुलीसारखं सगळं पुन्हा शिकावं लागलं. आधी जनरल वॉर्डात वर्षभर काढ.

वॉर्ड_नंबर_सात
तेच म्हणतोय, जनरल वॉर्ड. नाईट येईल, पण आळीपाळीने.

पहिली_ड्युटी
सगळ्यांचे आभार. काल डायलिसिस युनिट बघून आले. पांढरे_बूट ताईंचे तिन्ही प्रश्न विचारले. इन्चार्ज सिस्टरांनी शांतपणे उत्तरं दिली. झालेल्या चुकांची नोंद करायची वही असते, ती काढून दाखवली. मूळ दाखले बघून तिथेच परत दिले. मी होकार कळवलाय. फिस्टुला ताई, तुमचं म्हणणं खरं असेलही, पण आज मला रात्री घरी असायलाच हवं. वॉर्डाचं काम पुढे शिकेन.

फिस्टुला
ठरलंच असेल तर रुजू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीच्या लसीचं बघ. तिन्ही डोस झालेत का? ०, १ आणि ६ महिने. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायची, १० mIU/mL च्या वर हवी. डायलिसिसमध्ये रक्ताशी रोजचा संबंध आहे, यात चालढकल नको.

पहिली_ड्युटी
दोन झालेत, तिसरा राहिलाय. उद्याच इन्चार्ज सिस्टरांशी बोलते.

दाखले_जपा
नेमणूकपत्रावर विभाग लिहून घेतलास ना?