देणगीपलीकडचं काम

निधी गोळा करून आणि युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून माजी सैनिकांना नक्की काय मिळतं, असा प्रश्न विचारला जातो. त्यात थोडी भर.

ब्रिटनमध्ये १९२१ साली युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाची खूण म्हणून खसखशीची लाल कृत्रिम फुलं विकून माजी सैनिकांसाठी निधी जमवायला सुरुवात झाली. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढच्याच वर्षाचं पाऊल. १९२२ मध्ये ही फुलं बनवायचा कारखाना निघाला, तोच मुळी युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांना रोजगार मिळावा म्हणून. फुलाची रचनाही अशी, की त्यांना ते सहज जोडता यावं. म्हणजे मदत घेणाराच कमावता झाला! आपल्याकडे १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. त्या निधीतून युद्धात जखमी झालेले जवान, वीरपत्नी आणि माजी सैनिकांना साहाय्य मिळतं. तिथे जरूर द्या.

पण पैशाने न होणारी कामंही पुष्कळ आहेत. पेन्शनचे कागद लावून देणं, दवाखान्यात सोबत जाणं, एकट्या राहणाऱ्या वृद्ध सैनिकाकडे नियमित फेरी मारणं. यासाठी माणसं कायम कमी पडतात. ज्यांना आठवड्यातला एखादा तास देता येईल, त्यांनी आधी त्या कुटुंबाला विचारावं: तुम्हाला कशाची गरज आहे?