क्लॉगिंग: लाइव्ह ब्लूग्रासवर पाय मागे का पडतात?

प्रश्न:
आम्ही क्लॉगिंग करतो, म्हणजे बुटांच्या तळाला धातूचे टॅप लावून पायांनी ताल वाजवायचा अमेरिकी लोकनाच, तोही ब्लूग्रासवर (बँजो-फिडलचं तिथलं लोकसंगीत). रेकॉर्डिंगवर ट्रिपल (तीन डबल-टो-स्टेप आणि शेवटी एक रॉक-स्टेप) स्वच्छ पडतो. बँड समोर आला की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत रॉक-स्टेप (एका पायावर मागे झुलून दुसऱ्यावर परत येणं) गळतो आणि अख्खी रांग मागे पडते. बँडला हळू वाजवायला सांगावं, की पायांत काही बदलावं? टॅपही नीट ऐकू येत नाहीत.

प्रतिसाद १:
आधी बँडची लय मोजा. मिनिटाला १२० ठोक्यांवर बसवलेला नाच १४० वर गेला की एका ठोक्याला ०.५० सेकंदाऐवजी ०.४३ सेकंद उरतो. तेवढ्यात डबल-टो-स्टेपचे तीन आवाज काढायचे: पुढे घास, मागे घास, पाऊल. पाय वीतभर पुढे गेला तर वेळेत परत येतच नाही. चार बोटं पुरे. गुडघे सैल, टाच ठोक्यावर खाली. उड्या मारणारे हमखास मागे पडतात.

प्रतिसाद २:
पाऊल लहान करा हे खरंच, पण तुम्ही ऐकता कोणाला? ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. ठोक्यावर बास (खर्जातलं मोठं तारवाद्य) आणि मधल्या जागेत मँडोलिनचा 'चॉप' (तुटक, लगेच दाबलेला सूर) असतो. चॉप टोकदार वाजतो, म्हणून नवखे त्यालाच सम समजतात आणि अर्ध्या ठोक्याने सरकतात. बँजोचे सूर तर सलग धावतात, त्यांच्या मागे पळूच नका. बास धरा.

बँडशी आधी ठरवा: सुरुवातीला फिडलचे (व्हायोलिनचे) 'पोटॅटो', म्हणजे धुनेआधी लय देणारे ठोके, चार की आठ? फेऱ्या किती? साधी धून म्हणजे पहिला भाग 'ए' दोनदा, दुसरा 'बी' दोनदा, प्रत्येक भाग १६ ठोक्यांचा, फेरी ६४ ची. 'क्रुकेड' धून, म्हणजे ठोके कमीजास्त असलेली, बसवलेल्या नाचाला घेऊ नका. शेवटच्या फेरीला पाय उचलून खूण करायची जुनी पद्धत आहे. इथे सगळेच पाय उचलतात, तेव्हा मान हलवायला सांगा!

प्रतिसाद ३:
स्पीकर बघितलेत का? ते प्रेक्षकांकडे तोंड करून असतात. समोरची भिंत १५ मीटरवर असेल तर तिच्यावर आपटून येणारा सूर साधारण ०.०९ सेकंद उशिरा पोचतो. नाचणाऱ्यांसाठी वेगळा मॉनिटर (त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर) लावा आणि त्यात बास वाढवा.

टॅपचं म्हणाल तर जिंगल टॅपची एक पत्री घट्ट, दुसरी सैल असते. काँक्रीटवर तिचा नुसता खुळखुळाट होतो आणि गुडघे दुखतात ते वेगळंच. १८ मि.मी. प्लाय लाकडी चौकटीवर ठोका, खाली पोकळी राहू द्या. फळ्यांच्या सांध्यांवर टेप लावा, नाहीतर पत्री अडकते. माइक फळीलगत ठेवा.