भरतीची पोरं आणि निंजा वॉरिअर

'निंजा वॉरिअर' या टीव्हीवरच्या अडथळ्यांच्या शर्यतीची 'भारतीय आवृत्ती आली तर आपली भरतीची पोरं हसत पार करतील', असं कुणीतरी म्हटलं; ते अर्धंच पटलं. इकडे परभणी, लातूर, बीडला कुठल्याही मैदानावर पहाटे साडेपाचला जा, सोळाशे मीटर मारणाऱ्या लेकरांची रांग असते. दम आहेच. पण पोलीस भरतीत धावणं नि गोळाफेक. सैन्याच्या भरती मेळाव्यात दहा बीम (दांड्याला लटकून अंग वर ओढणं) मारले की पूर्ण गुण, शिवाय नऊ फुटी खड्डा उडी मारून पार करायचा. त्या बीमला मूठ पूर्ण वळते. निंजा वॉरिअरच्या 'क्लिफहँगर' नावाच्या अडथळ्याला जेमतेम बोटांची पेरं टेकतील एवढी कड असते, आणि तिथून लटकत सरकायचं! तिथे मांडी नाही, बोटं बोलतात. म्हणून अमेरिकेत २००९ पासून चाललेल्या या खेळाचे सगळे टप्पे थेट २०१५ ला पहिल्यांदा पार झाले, आणि त्यात दहा लाख डॉलर नेले ते खडक चढणाऱ्या एका गिर्यारोहकाने. ऑस्ट्रेलियाच्या २०१७ च्या पहिल्या पर्वात तर शेवटपर्यंत कुणीच पोचलं नाही. ज्यावरून हा खेळ आला तो मूळ जपानी कार्यक्रम 'सासुके' १९९९ मध्ये पहिल्यांदा पूर्ण केला तो खेकडे पकडणाऱ्या कोळ्याने. व्यायामशाळेतल्या दंडांचं कौतुक जरा बेतानंच करा.

आपल्याकडचा खरा उमेदवार दोरीच्या मल्लखांबावरचा, त्याची पकड बघा.

आणि एक, हा नुसता टीव्हीचा तमाशा राहिलेला नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच प्रकारांच्या स्पर्धेतून घोडेस्वारी काढून त्या जागी हीच अडथळ्यांची शर्यत घेतली आहे. घोडा पाळणं मराठवाड्यात कुणाला परवडणार होतं? चार पाइप नि दोरखंड मात्र कुठलीही शाळा उभे करू शकते.