चाळिशीनंतर खुल्या गटात परतताना : ४०० मीटर की ५०?

प्रश्न :
बाविसाव्या वर्षापर्यंत मी ४०० मीटर फ्रीस्टाइल पोहत होतो. आता त्रेचाळिसाव्या वर्षी, दहा महिन्यांच्या सरावानंतर, मास्टर्स गटात (प्रौढांच्या, वयोगटांनुसार होणाऱ्या स्पर्धांत) माझी वेळ समाधानकारक येऊ लागली असल्याने, वयाची सवलत नसलेल्या खुल्या गटाची पात्रता-वेळ गाठून पाहावी असे मनात आहे. दम बऱ्यापैकी परत आला आहे. मात्र मंगळवारी जोर लावला की गुरुवारीही हात जड असतात. जुने अंतर धरून ठेवावे की ५० मीटरकडे वळावे?

प्रतिसाद १ :
वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकी जलतरणपटू डारा टॉरेस यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४१ व्या वर्षी ५० मीटर फ्रीस्टाइल २४.०७ सेकंदांत पार केले आणि त्यांचे सुवर्णपदक अवघ्या एक शतांश सेकंदाने हुकले. अँथनी अर्विन यांनी २००० मध्ये हीच शर्यत जिंकल्यानंतर अनेक वर्षे स्पर्धात्मक पोहणे सोडले होते, तरी २०१६ मध्ये ३५ व्या वर्षी ती २१.४० सेकंदांत पुन्हा जिंकली. याउलट ४०० आणि ८०० मीटरच्या ऑलिंपिक विजेत्या जॅनेट इव्हान्स चाळिसाव्या वर्षी २०१२ च्या अमेरिकी निवड चाचणीत उतरल्या, तेव्हा त्यांना प्राथमिक फेरीपुढे जाता आले नाही. लांब अंतरासाठी आठवडाभर जेवढे पोहावे लागते, तेवढे पोहून भरून निघायला या वयात शरीर वेळ मागते. आपले गुरुवारचे जड हात तेच सांगत आहेत.

प्रतिसाद २ :
निष्कर्ष मान्य आहे, पण ५० मीटर सोपे आहे असा समज होऊ नये. वयानुसार वेगवान स्नायुतंतूच आधी घटतात, त्यामुळे वजनांचा व्यायाम येथे जोडधंदा नसून अर्धा सराव असतो. ऑलिंपिक विजेते जलतरणपटू मार्क स्पिट्झ यांनाही चाळिशी ओलांडल्यावर १९९२ च्या ऑलिंपिकसाठी १०० मीटर बटरफ्लायची पात्रता-वेळ गाठता आली नव्हती. मात्र स्प्रिंटमध्ये, म्हणजे अशा छोट्या वेगवान शर्यतीत, तंत्रातून वसूल करण्यासारखे बरेच असते : उडीनंतर डोके वर येण्याआधी १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येते आणि तेथील डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून एकत्र मारायची लाथ) सुधारता येते.

खांद्याकडेही आताच पाहावे. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःचे चित्रीकरण पाहिले, तेव्हा पाण्यात शिरणारा माझा उजवा हात डोक्यासमोरची मध्यरेषा ओलांडून डावीकडे जात होता आणि प्रत्येक वेळी खांद्याचा सांधा आवळला जात होता. वर्षभर त्या दुखण्याचा दोष मी वयाला देत आलो होतो. हात खांद्याच्या सरळ रेषेत टाकू लागल्यावर दुखणे बरेच कमी झाले, वेळ मात्र सुरुवातीचे काही आठवडे बिघडली.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. काल चित्रीकरण करून घेतले. माझा हात रेषेत आहे, परंतु श्वास घेताना डावा कोपर पाण्यात खचतो आणि पाण्यावरची पकड सुटते. जोराचे सराव आता मंगळवार आणि शनिवार असे ठेवतो, मध्ये केवळ तंत्रासाठी पोहतो. ४०० ची हौस मास्टर्समध्ये भागवीन.